मेणवलीचा वाडा आणि कृष्णाकाठची वाई

श्रोतेहो, प्रवासाला निघायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लांबचा पल्ला उभा राहतो. महिनाभर आधी आरक्षण, वळकट्या, फराळाचे डबे, घरावर लक्ष ठेवण्याविषयी शेजाऱ्याला केलेली विनवणी, असा सगळा जामानिमा त्याला लागतो. पण सकाळी न्याहारी करून निघावे आणि दुपारच्या जेवणाला परत यावे, एवढ्या अवधीतही माणूस अडीचशे वर्षांचा प्रवास करून येऊ शकतो. अशाच एका अर्ध्या दिवसाच्या सहलीविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे. ठिकाण आहे सातारा जिल्ह्यातील मेणवली हे लहानसे गाव आणि तेथून तीनएक किलोमीटरवर असलेली वाई ही जुनी नगरी. आपल्यापैकी कोणी इंदूरला असतील, कोणी ग्वाल्हेरला, कोणी हैदराबाद, बडोदे किंवा दिल्लीला. ज्या राज्याच्या विस्तारामुळे यांपैकी कित्येक घराणी त्या दूरच्या मुलखांत जाऊन स्थिरावली, त्या राज्याचा हिशेब आणि पत्रव्यवहार ज्या एका माणसाच्या हातून पंचवीस वर्षे चालत होता, त्याचा हा वाडा. तेव्हा ही सहल एका अर्थी आपणा सर्वांच्याच घराकडची आहे.

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर सुरूर लागते. तेथून उजवीकडे वळले की थोड्याच वेळात वाई येते. पुण्यापासून हे अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास भरते. पलीकडे पसरणीचा घाट पाचगणी-महाबळेश्वराकडे चढत जातो, आणि बहुतेक प्रवासी त्या थंड हवेच्या ओढीने वाईला वळसा घालून निघून जातात. खिडकीतून नदी दिसते, एखादे शिखर दिसते, आणि मोटार घाटाला लागते. ज्यांना थांबायला सवड आहे त्यांनी हिवाळ्यातील एखादी सकाळ निवडावी. कृष्णेवर धुके असते, बाजारात हळदीचा वास असतो, आणि डोंगरांच्या सोंडा उन्हात हळूहळू उघड्या पडत असतात.

आम्ही आठदहा मंडळी होतो, निरनिराळ्या प्रांतांतून आलेली. बरोबर वाटाड्या म्हणून परिसरातील एक वयस्क गृहस्थ होते. डोक्याला टोपी, हातात काठी, आणि बोलण्यात घाई मुळीच नाही. जुन्या वाड्यांचे वाटाडे दोन प्रकारचे असतात. एक भुयारांची, गुप्त खजिन्याची आणि भुताखेतांची गोष्ट सांगतो, दुसरा तुमच्या पायांखालच्या दगडाकडे बोट दाखवतो. आमचे वाटाडे दुसऱ्या प्रकारचे होते. कोणीतरी उत्साहाने विचारले, “काका, इथून भुयार कुठवर जाते हो?” तेव्हा ते म्हणाले, “दादा, आधी वरचं बघून घेऊ या. खालचं राहिलं तर राहिलं.” या एका वाक्यात सहलीचे सारे शास्त्र होते असे मला वाटते.

वाड्यात शिरण्यापूर्वी त्याच्या धन्याची ओळख करून घेतली पाहिजे. बाळाजी जनार्दन भानू, म्हणजेच नाना फडणवीस, यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास झाला. भानूंच्या घरात पेशव्यांची फडणिशी पिढीजात होती. फडणीस म्हणजे हिशेबाच्या फर्दा लिहिणारा, दौलतीचा जमाखर्च व दप्तर सांभाळणारा अधिकारी. वडील जनार्दनपंत १७५६ साली वारले आणि चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती लेखणी आली. पुढे पाच वर्षांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, हा तरुण पानिपतावर होता. लढाई करण्यासाठी तो गेला नव्हता. फौजेबरोबर निघालेल्या कुटुंबांत त्याची आई होती, पत्नी होती, आणि तीर्थयात्रा घडावी हाही हेतू होता. त्या एका दिवसात सारे उधळले. आई कायमची हरपली. नाना अनोळखी मुलखातून जीव वाचवीत, पायपीट करीत परत आले. आपल्या आयुष्याचा हा पूर्वभाग त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आहे. आत्मचरित्र लिहिण्याची चाल आपल्याकडे फारशी नव्हती त्या काळात एका कारभाऱ्याने मनातील दुबळेपणासुद्धा न झाकता हा वृत्तांत लिहिला, ही गोष्ट मराठी गद्याच्या इतिहासातही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पानिपतानंतर सात वर्षांनी, १७६८ साली, औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि सातारचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून मेणवली हे गाव नानांस इनाम मिळाले. तेथे त्यांनी वसाहत केली, नदीला घाट बांधला, दोन देवळे उठवली आणि स्वतःसाठी वाडा बांधला. हे काम त्यापुढील काही वर्षांत झाले. पुण्यात त्याच सुमारास काय चालले होते ते आठवून पाहा. १७७२ साली थोरले माधवराव गेले. १७७३ साली नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. १७७४ साली बारभाईंचे कारस्थान उभे राहिले आणि पुढे इंग्रजांशी युद्ध पेटले, ते १७८२ च्या सालबाईच्या तहाने थांबले. एका बाजूला राज्य वाचेल की बुडेल याची रात्रंदिवस चिंता, आणि दुसऱ्या बाजूला कृष्णेच्या काठी शांतपणे चिरा बसवला जात आहे. या विसंगतीतच नानांच्या स्वभावाची किल्ली आहे. पानिपतावर सारे एका दिवसात नाहीसे झालेले ज्याने पाहिले, त्याला पाया, भिंत, पायरी आणि दप्तर यांचे मोल इतरांहून अधिक कळले असावे.

वाडा बाहेरून पाहिला तर डोळे दिपतील असे त्यात काही नाही. राजपुतान्यातील राजवाडे पाहून आलेल्या मंडळींची तर थोडी निराशाच होते. भक्कम तटबंदी, तिच्यात मोठा दरवाजा, त्याच्या अंगात माणसापुरती दिंडी. डोके वाकवून आत शिरावे लागते. आत एकामागून एक असे सहा चौक आहेत. खाली काळा दगड, वर वीट आणि चुना, आणि या साऱ्याला सांधणारे सागवानाचे खांब व तुळया. सोप्यावर बसून गावकऱ्यांशी बोलावे, दिवाणखान्यात पाहुण्यांचे आगतस्वागत करावे, माजघराच्या उंबऱ्यापलीकडे मात्र परक्याची दृष्टी जाऊ नये, अशी जुन्या वाड्यांची रचना असते, आणि ती येथे स्पष्ट दिसते. भिंतीच्या जाडीत कोनाडे, कोनाड्यांशेजारी फडताळे, जिने अरुंद आणि भिंतीतच दडलेले. जाड भिंतींमुळे उन्हाळ्यातही आत गारवा राहतो. काही भिंतींवर जुनी चित्रे आहेत. देवादिकांचे प्रसंग, वेलबुट्टी, ओळीने बसलेली माणसे. रंग पुसट झाले आहेत, तरी तांबड्याचे तांबडेपण अजून टिकून आहे.

आमच्या वाटाड्यांनी एका चौकात आम्हांला उभे केले आणि म्हणाले, “इथं जरा गप्प राहा.” कोणी बोलले नाही तेव्हा कबुतरांचा घुमट आवाज ऐकू आला आणि वरच्या चौकोनी आकाशाचा तुकडा खालच्या फरशीवर उतरलेला दिसला. चौक म्हणजे या घरांचे फुप्फुस होय. उजेड तेथून, वारा तेथून, पावसाचे पाणी तेथे, लग्नामुंजीचे मांडव तेथे, आणि घरातल्या बायकांचे हसणे-बोलणेही तेथेच. हल्ली आपण घराला बाहेरच्या बाजूने खिडक्या ठेवतो आणि मधोमध अंधार. जुन्या बांधकाऱ्यांनी बाहेरून भिंत ठेवली आणि उजेड मधोमध आणला. दोन्हींमागे सुरक्षितपणाची आणि शेजारधर्माची निरनिराळी कल्पना आहे.

वाड्याच्या मागच्या अंगाने घाटाकडे उतरता येते, आणि तेथे मात्र प्रत्येक जण क्षणभर थांबतो. नदीच्या वळणाबरोबर वळत गेलेल्या दगडी पायऱ्या, चंद्रकोरीसारख्या. काठावर मेणेश्वराचे शिवालय आणि विष्णूचे देऊळ. वर झाडांची दाट सावली. धुणे धुणाऱ्या बायका, पायऱ्यांवरून उड्या टाकणारी मुले. घाट ही वस्तू आपल्याकडे केवळ धर्मासाठी बांधली जात नसे. पाणी भरणे, स्नान, कपडे, गुरे, गप्पा आणि अखेरचे विधी या सगळ्यांसाठी नदीपर्यंत सुखरूप पोहोचवणारी ती वाट असे. इनामदाराने वाडा बांधला तो स्वतःसाठी, पण घाट बांधला तो साऱ्या गावासाठी. दोन्ही आज एकमेकांशेजारी उभे आहेत, आणि अधिक वापरात आहे तो घाट.

मेणेश्वराजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. हिच्यावर १७०७ हे साल आहे, आणि बालयेशूला घेतलेल्या मेरीमातेची आकृती आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांचा पराभव केला. त्या विजयानंतर ख्रिस्ती देवळांतील घंटा मराठी मुलखात आल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत बसवल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा, भीमाशंकरची घंटा, या त्यांतल्याच. मेणवलीची घंटा त्याच कुळातील.

आमच्यातील एक दहाबारा वर्षांची मुलगी त्या आकृतीकडे बराच वेळ पाहत होती. तिने विचारले, “काका, ही दुसऱ्यांच्या देवाची घंटा ना? मग ती इथे कशी?” मोठ्या माणसांची थोडी पंचाईत झाली. कोणी विजयाचा अभिमान सांगू लागले, कोणी पोर्तुगीजांनी मोडलेल्या देवळांची आठवण करून दिली. दोन्ही गोष्टी खऱ्याच. वाटाडे मात्र एवढेच म्हणाले, “बाळ, आणली ती लढाईत. पण आणल्यावर वितळवली नाही, आणि तिच्यावरची आई घासून काढली नाही. हेही लक्षात ठेव.”

श्रोतेहो, मला हे उत्तर फार मोलाचे वाटले. घंटेचा धातू तोफेच्या उपयोगी पडतो. त्या काळी घंटा वितळवून तोफा ओतणे काही नवलाचे नव्हते. येथे घंटा घंटाच राहिली. ज्यांच्याकडून ती आली त्यांच्या दृष्टीने ती लूट होती, हे विसरता येत नाही, विसरूही नये. मात्र पिढ्यान्‌पिढ्या ज्या गावाने तिचा नाद ऐकला, त्या गावाने तिच्यावरील माता आणि मूल तसेच राहू दिले, हेही खरे. इतिहासातील वस्तू आपल्याला क्वचितच एका बाजूचे उत्तर देतात. अशी वस्तू मुलांना दाखवताना त्यांच्या प्रश्नाला सोपे उत्तर देऊन गप्प करू नये. प्रश्न त्यांच्याबरोबर घरी जाऊ द्यावा.

या वाड्यातील सर्वांत मौल्यवान चीज मात्र आज वाड्यात नाही. ती म्हणजे येथील कागद. नाना मूळचे दप्तराचे मनुष्य. आलेले पत्र ठेवायचे, गेलेल्या पत्राची नक्कल ठेवायची, बातमीदारांचे अहवाल ठेवायचे, ही त्यांची शिस्त. हैदराबाद, नागपूर, ग्वाल्हेर, दिल्ली, म्हैसूर, कलकत्ता येथे काय शिजते आहे त्याची खबर त्यांना पत्रांतून मिळे. हे कागद मेणवलीत राहिले. पुढे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी ते मिळवले, त्यांतील कितीतरी प्रसिद्ध केले, आणि साताऱ्यास वस्तुसंग्रहालय उभारले. त्यांच्या मागे, १९३९ साली, तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. मेणवली दप्तर म्हणून अभ्यासक ज्याचा उल्लेख करतात ते हेच. अठराव्या शतकातील हिंदुस्थानच्या राजकारणाचा अभ्यास करणाऱ्याला या दप्तराला टाळून पुढे जाता येत नाही.

आणि या दप्तरामुळेच नानांविषयी आपण गोष्टींच्या पलीकडे जाऊ शकतो. नानांचे दुर्दैव असे की लोकांच्या स्मरणात ते एका ठरावीक साच्यात बसले. पेशवाईतील साडेतीन शहाण्यांत त्यांची गणना अर्ध्या शहाण्यात होते, कारण कारभारात पुरे असले तरी तलवारीत ते उणे होते, अशी त्या म्हणीमागची समजूत. पुढे १९७२ साली विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक रंगभूमीवर आले आणि नानांची एक विलासी, कावेबाज मूर्ती देशभरच्या प्रेक्षकांच्या मनावर ठसली. घाशीराम हा पुण्याचा कोतवाल होता, आणि १७९१ साली संतप्त लोकांनी त्याचा दगडांनी अंत केला, ही ऐतिहासिक घटना आहे. त्याला कोतवाली मिळाली ती नानांच्या कारभारात, आणि त्या जुलुमाचा दोष कारभाऱ्याला सर्वस्वी टाळता यायचा नाही. तथापि नाटक हे सत्तेचे रूपक आहे, चरित्र नव्हे. ज्या माणसाने एका तान्ह्या पेशव्याच्या नावाने, परस्परांचा हेवा करणाऱ्या सरदारांना एकत्र ठेवून, इंग्रज, निजाम आणि हैदर यांच्यामध्ये राज्याची नाव वल्हवली, त्याचे मोजमाप एका नाटकावर किंवा एका म्हणीवर करता येत नाही. महादजी शिंदे आणि नाना यांच्यातील तेढ हे ग्वाल्हेरकरांना आणि पुणेकरांना आजही वादाला पुरणारे प्रकरण आहे. परंतु १७९४ साली महादजी वानवडीस वारले आणि पुढील सहा वर्षांत सारा डोलारा खचला, यावरून दोघांनाही एकमेकांची किती गरज होती ते दिसते.

नानांचा शेवट सुखाचा झाला नाही. १७९५ साली खर्ड्यावर निजामाचा पराभव झाला, आणि त्याच वर्षी सवाई माधवराव गेले. ज्या मुलाच्या पाळण्यासाठी सारा खटाटोप, तोच एकविसाव्या वर्षी नाहीसा झाला. १७९७ च्या अखेरीस नाना कैद झाले, काही काळ अहमदनगरच्या किल्ल्यात राहिले, सुटून पुन्हा कारभारावर आले, आणि १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. त्यांच्या मृत्यूने मराठी राज्यातील शहाणपण आणि संयम लोपले, असा अभिप्राय इंग्रज रेसिडेंट पामर यांनी नोंदवला. शत्रूच्या तोंडून यापेक्षा मोठा गौरव कोणता? मागे पुत्र नव्हता. पत्नी जिऊबाई वयाने अगदी लहान होत्या. त्यांना लोहगडाच्या आश्रयास जावे लागले, आणि पुढे इंग्रजांच्या संरक्षणाखाली वेतनावर दिवस काढावे लागले. नानांच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांत पेशवाई संपली. १८२८ साली शनिवारवाडा जळाला. मेणवलीचा वाडा मात्र उरला.

तो का उरला, याचा विचार करीत आम्ही वाईकडे परतलो. वाईला सात घाट. गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, धर्मपुरी, भीमकुंड, अशी त्यांची नावे. हिवाळ्याच्या उत्तरार्धात येथे कृष्णाबाईचा उत्सव होतो. एकेक घाट पाळीपाळीने नदीचे देवीरूप आणून मांडवात बसवतो आणि दिवसच्या दिवस भजन, कीर्तन, जेवणावळी चालतात. नदीला ‘बाई’ म्हणणारी ही भाषा मला फार प्रिय आहे. तिच्यात भीती नाही, घरोबा आहे.

गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते १७६२ साली बांधले. मूर्ती अखंड दगडाची आणि एवढी विशाल की नावाची फोड करायला नको. पण जाणकार वाटाडा तुम्हांला देवळाच्या मागे नेतो. तेथील भिंत सपाट नाही. प्रवाहाकडे तोंड करून ती माशाच्या तोंडासारखी निमुळती केली आहे, म्हणजे पुराचे पाणी आदळण्याऐवजी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे. मोठ्या पुरात पाणी आजही देवळात शिरते, मूर्तीला वेढते, आणि ओसरून जाते. बांधणाऱ्याने नदीशी वैर धरले नाही. तिच्या येण्याजाण्याची सोय करून ठेवली. शेजारीच काशीविश्वेश्वराचे देऊळ आहे, ते आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ साली बांधले. तेथील काळ्या दगडाचा गुळगुळीत नंदी पाहून, त्याच्या गळ्यातल्या घंटा वाजत का नाहीत असे वाटावे.

१७६२ या सालाकडे आपले लक्ष गेले असेल. पानिपताला तेव्हा जेमतेम वर्ष उलटले होते. रास्त्यांच्या घराण्याचा त्या युद्धाशी रक्ताचा संबंध होता. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या वाईच्या रास्त्यांच्या कन्या. त्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव पानिपतावर पडले आणि त्याच वर्षी पतीही गेले. त्या दुःखाच्या सावलीत त्यांच्या माहेरच्या गावी हे देऊळ पुरे होत होते. महाराष्ट्रातील घरोघर सुतक असताना कोणी पाथरवट नदीचा वेग मोजून भिंतीचा कोन ठरवीत होता. पराभवानंतर समाज पुन्हा कसा उभा राहतो, याचे वर्णन करायला मला यापेक्षा चांगला दाखला ठाऊक नाही.

आणि पानिपताचा हा धागा येथेच तुटत नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पानिपतकाळच्या पत्रांचा तो खंड, आणि ती पत्रे त्यांना लाभली ती याच वाईत. तोवर आपल्या त्या पराभवाची हकिकत आपण बव्हंशी बखरींतून आणि परक्यांच्या ग्रंथांतून वाचत होतो. वाईतल्या एका वाड्यात कोणीतरी ते रुमाल बांधून ठेवले होते म्हणून आपला आवाज आपल्याला ऐकू आला.

वाईची खरी ओळख कागदाची, ग्रंथाची. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी येथे प्राज्ञपाठशाळा चालवली. आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन विनोबा भावे १९१७ च्या सुमारास येथे येऊन उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे शिकले. याच पाठशाळेतून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी निघाले. अस्पृश्यता ही शास्त्राला धरून नाही असा पक्ष मांडण्यासाठी गांधीजींना १९३२-३३ च्या सुमारास ज्या पंडितांचे साह्य झाले, त्यांत ते अग्रभागी होते. येथेच धर्मकोशाचे काम चालले, आणि महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर मराठी विश्वकोशाचे कार्यालयही वाईलाच आले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा २०१५ साली पूर्ण झाला. साऱ्या जगाचे ज्ञान मराठीत आणण्याचे काम मुंबई-पुण्याच्या गजबजाटात न होता कृष्णेकाठच्या एका तालुक्याच्या गावी व्हावे, यात मला मोठे औचित्य दिसते. मेणवलीच्या फडणिसाने दप्तर बांधले आणि वाईच्या शास्त्र्यांनी कोश बांधले. तीन किलोमीटरच्या अंतरात एकच वृत्ती दिसते: जे कळले ते नीट लिहून ठेवावे.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. वाडा उरला का? एक कारण असे की तो राजधानीपासून दूर होता, म्हणून धाडी आणि आगी त्याच्यापर्यंत कमी पोहोचल्या. दुसरे असे की तो खाजगी मालकीचा राहिला आणि त्याची डागडुजी करणारे कोणी राहिले. पुण्यातील कितीतरी वाडे १९६१ च्या पानशेतच्या पुराने पाडले आणि त्याहून अधिक वाडे वाटण्यांनी व जागेच्या किमतीने पाडले. वाड्याला उन्हापावसाइतकेच भय कुलपाचे असते. सारवण, चुना, कौलांची फेरणी, तुळयांना तेल, ही कामे दरसाल करावी लागतात. एक पावसाळा कौल सरकलेले राहिले की पुढच्या पावसाळ्यात तुळई कुजते. राजवाडे युद्धांनी पडतात, घरे दुर्लक्षाने पडतात.

अलीकडे मेणवलीला नवे दिवस आले आहेत. ‘स्वदेस’ हा २००४ साली आलेला चित्रपट येथे चित्रित झाला, इतरही झाले, आणि घाटावर उभे राहून छायाचित्रे काढण्यासाठी तरुण मंडळी येतात. पुष्कळ जाणत्या लोकांना याचे वाईट वाटते. मला तसे वाटत नाही. माणूस कोणत्याही निमित्ताने आला तरी तो त्याच पायऱ्यांवर उभा राहतो. तेथे त्याला दोन शब्द खरे सांगणारा कोणी भेटला पाहिजे, एवढेच. म्हणून मी आपल्याला सुचवीन, अशा ठिकाणी वाटाड्याची बिदागी वाचवू नका. आणि केवळ गोष्टी ऐकून निघू नका, प्रश्न विचारा. हे कोणी बांधले, दगड कोठून आला, पाण्याची सोय काय, कागद कोठे आहेत? चौथा प्रश्न विसरू नका. ज्या घराचे कागद वाचले गेले, त्या घराला आवाज राहतो.

आमची सहल बाराच्या सुमारास संपली. निरोप घेताना एका गृहस्थांनी वाटाड्यांना विचारले, “काका, एवढे सांगितलेत, हे तुम्ही कुठे लिहून ठेवले आहे का?” ते हसले आणि म्हणाले, “नातू विचारतो, त्याला सांगतो. त्याला अक्षर बरं आहे.” श्रोतेहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी, मग ते घर झाशीला असो, तंजावरला असो वा नागपूरला, एखादी जुनी पेटी असेल. तिच्यात आजोबांची पत्रे असतील, मोडीतील एखादा न वाचलेला कागद असेल. मेणवलीला जाणे जमेल तेव्हा जमेल. तोवर ती पेटी उघडा, कागदांना ऊन दाखवा, कसर लागली असेल तर ती झटका, आणि घरातील चांगल्या अक्षराच्या मुलाला जवळ बसवून, हे कोणाचे, कधीचे, ते त्याच्याकडून लिहून घ्या.